टनाचा भाव नको, युनिटचा भाव बघ

प्रिय बेटा,

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात फ्युएल सेक्शनमध्ये पोस्टिंग मिळालं हे तुझ्या बाबांकडून कळलं, अन ऑपरेशन मिळालं नाही म्हणून तू जरा खट्टू आहेस हेही कळलं. खट्टू होऊ नकोस गं. औष्णिक विजेच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कोळशाचा, त्यामुळे नफा-तोटा कंट्रोल रूमच्या आधी वॅगन टिपलरवरच, म्हणजे कोळशाचे डबे उलटवून रिकामे करतात तिथेच, ठरायला लागतो असं माझं स्पष्ट मत आहे.

टनाचा भाव ऐकून कोळसा स्वस्त की महाग हे ठरवू नकोस, पैसे आपण उष्णतेचे मोजतो. समज, 500 मेगावॅटच्या सेटचा (वीज बनवणाऱ्या संचाचा) हीट रेट 2400 आहे, म्हणजे एक युनिट काढायला 2400 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि कोळशाच्या किलोत 3400 किलोकॅलरी आहेत, तर एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागणार, अन तो प्लांटला पोचेपर्यंत टनामागे 4000 रुपयांना पडला असेल तर युनिट 2 रुपये 82 पैशांना पडलं. आता भाव तोच, पण बंकरमध्ये (बॉयलरआधीच्या कोळशाच्या कोठीत) जाताना तोच कोळसा 3000 किलोकॅलरीचाच निघाला की झाले 3 रुपये 20 पैसे. 38 पैशांत काय एवढं असं वाटेल, पण हा सेट फुल लोडला दिवसाला 1 कोटी 20 लाख युनिट काढतो, म्हणजे रोजचे 45 लाख गेले!

म्हणून रेक (कोळशाची मालगाडी) आली की सॅम्पलिंगला स्वतः उभी राहा. वरवरचे तुकडे उचलून पिशवी भरली तर लॅबने कितीही मन लावून टेस्ट केली तरी काही अर्थ नाही. यार्डात जुना ढीग आधी उचलायला लाव, पडून राहिलेला कोळसा आतून तापतो, धुमसतो आणि जीसीव्ही, म्हणजे किलोमागची उष्णता, खाऊन टाकतो. पावसाळ्यात तर ओला कोळसा बंकरला चिकटतो, कोळसा पुढे सोडणारा फीडर चोक होतो, तो दळणारी मिल बंद पडते आणि मग बॉयलरची फ्लेम टिकवायला महागडं तेल जाळावं लागतं, त्यामुळे आडोशाचा थोडा कोरडा साठा त्या दिवसांसाठी राखून ठेव.

हे सगळं मेरिट ऑर्डरसाठी, म्हणजे स्वस्त विजेला आधी नंबर देणाऱ्या यादीसाठी. कुठल्या सेटने किती वीज काढायची ते ठरवणारं ऐरोलीचं लोड डिस्पॅच सेंटर कमी व्हेरिएबल कॉस्टवाल्याला (युनिटमागे इंधनखर्च कमी असलेल्याला) आधी चालवतं, ज्याचं युनिट महाग त्याला आधी लोड कमी करायला सांगतं. अवकाळी पाऊस पडून शेतीपंप बंद झाले की डिमांड धाडकन खाली येते, दुपारी सोलर असतंच, आणि संध्याकाळी सोलर गेलं की तोच सेट पुन्हा वर न्यायचा. फुल लोडच्या 55 टक्क्यांवर चालवलेल्या सेटचा हीट रेट बिघडतो, म्हणजे आधीच महाग असलेलं युनिट अजून महाग होतं. सेट चालवायला तयार (अव्हेलेबल) असला तर वीज कमी काढली तरी ठरलेला फिक्स्ड चार्ज मिळतो हे खरं, पण त्याच्या भरवशावर कोळशाकडे दुर्लक्ष करणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, शेवटी ते पैसे ग्राहकाच्या बिलातूनच येतात.

आणि हो, पाण्यावरही लक्ष ठेव, 2015-16 च्या दुष्काळात परळीच्या वीज केंद्राचे सेट पाण्यावाचून बंद राहिले होते.

आता एक कर, तुझ्या सेटचा गेल्या महिन्याचा हीट रेट, कोळसा उतरवतानाचा जीसीव्ही आणि बंकरचा जीसीव्ही असे तीन आकडे काढ अन मला कळव, मग त्या दोन जीसीव्हींत फरक का पडला ते फोनवर बसून बघू.

तुझा काका