शेततळ्याचा कागद वरच्या भागातच का तडकतो? नवा घेताना काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालना जिल्ह्यात मोसंबीसाठी शेततळं केलं, 500 मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) काळा प्लास्टिकचा कागद टाकला. तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याच्या वरचा भाग तडकला, पाण्याखालचा अजून चांगला आहे. दुकानदार म्हणतो, सगळं प्लास्टिक कच्च्या तेलातूनच येतं, माल सारखाच असतो.

तेलातून येतं हे खरं. सारखं असतं हे साफ चूक. आणि तडा कुठे गेला यावरूनच कारण बऱ्यापैकी कळतं.

कच्चं तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचं मिश्रण. तीन-चार कार्बनची साखळी असली की तो सिलेंडरमधला गॅस. साधारण पाच ते बारा कार्बन असले की पेट्रोल, त्याहून लांब ते डिझेल, आणि वीस ते चाळीस कार्बनचं मेणबत्तीचं मेण. तुमच्या कागदातलं पॉलिथिन हीच साखळी आहे, फक्त हजारो कार्बन लांब. मेण नखाने खरवडतं आणि कागद ओढूनही तुटत नाही, त्याचं कारण ही लांबी. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात.

एवढी लांब साखळी तेलात आयती सापडत नाही. रिफायनरीत निघालेला नाफ्था (पेट्रोलसारखा हलका भाग) वाफेबरोबर 800 ते 850 अंशांवर सेकंदापेक्षाही कमी वेळ तापवून आधी तोडतात. त्यातून दोन कार्बनचा एथिलीन वायू मिळतो. (रायगडात नागोठण्याला हेच काम नैसर्गिक वायूतल्या इथेनपासून होतं.) मग एथिलीनमधला दुहेरी बंध उघडून कडीत कडी अडकवत नेतात. साखळ्या सरळ राहिल्या तर त्या कडब्याच्या पेंढीसारख्या घट्ट बसतात, ते एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन. फांद्या फुटल्या तर पऱ्हाट्यांच्या भाऱ्यासारख्या पोकळ राहतात, ते कमी घनतेचं, मऊ एलडीपीई.

ऊन हे सगळं उलटं करतं. अतिनील किरणांनी साखळीवरचा कच्चा दुवा उघडा पडतो, तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि साखळी तुटते. तुटलेला तुकडा शेजारच्या साखळीलाही बिघडवतो. लांबी कमी होत गेली की कागद मेणासारखा ठिसूळ होतो. पाण्याखाली गढूळपणा आणि शेवाळ ऊन अडवतं, शिवाय तिथे गारवा असतो आणि हवाही कमी पोचते. म्हणून तुमचा खालचा भाग टिकला.

यावरचा इलाज म्हणजे काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक. ती रंगासाठी नसते. किरण साखळीपर्यंत पोचायच्या आत ती शोषून घेते. एचडीपीई पाइपच्या भारतीय मानकात तिचं प्रमाण अडीच टक्के, अर्धा टक्का इकडेतिकडे, असं आहे. कागदातही साधारण तेवढी हवी, बारीक आणि एकसारखी मिसळलेली. गुठळ्या राहिल्या तर दोन गुठळ्यांमधली जागा उघडीच. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या मालाची अडचण वेगळी: त्याच्या साखळ्या आधीच आखूड झालेल्या असतात, मग वरून कितीही काळा करा. जाडी 500 मायक्रॉन भरली म्हणजे माल चांगला, असं नाही.

घेताना नखाएवढा तुकडा कापा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका (नाहीतर बुडबुडे चिकटून फसवतात), तुकडा तळाशी दाबून सोडा. एचडीपीईची घनता 0.95 च्या आसपास असते, काजळीसकट तो वर यायलाच हवा. बुडाला तर त्यात खडूची भुकटी घातलेली असू शकते. शंभरात आठ-दहा भाग मिसळले की तुकडा बुडतो. तरंगला म्हणून माल नवाच आहे असं मात्र सिद्ध होत नाही. दुसरा तुकडा उघड्यावर चिमट्यात धरून पेटवा, धूर हुंगायला जवळ जाऊ नका. पॉलिथिन विझवल्यावर विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, कारण रसायन तेच. नाकाला झोंबणारा आंबूस वास आला आणि ज्योत काढताच तुकडा आपोआप विझला तर ते पीव्हीसी. शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, आणि ते तेलातून नव्हे, मिठापासून येतं. विणलेल्या आणि दोन्ही बाजूंनी थर दिलेल्या कागदासाठी आयएस 15351 हे भारतीय मानक आहे. शिक्का रोलवर बघा आणि क्रमांक बिलावर लिहून घ्या.

आता अंथरणं. चांगला माल इथेच जास्त वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. एचडीपीई एका अंशाला मीटरमागे 0.15 ते 0.2 मिलिमीटर वाढतं-आटतं. 40 मीटर लांब कागद आणि दुपार-पहाटेत 40 अंशांचा फरक धरला तर तो 24 ते 32 सेंटिमीटर आखडतो. दुपारी ताणून बसवलात तर पहाटे तो काठावर जिथे पुरलेला असतो त्या चरातल्या मातीतून स्वतःला ओढतो, आणि ताण पडलेला कागद उन्हाने लवकर तडकतो. म्हणून सकाळी लवकर अंथरा, तेव्हाही थोडी सैल घडी ठेवा. काळ्या मातीच्या भेगा आणि मुरमाची टोकं आधी बुजवून दाबून घ्या. भेगेवर कागदाला आधार नसतो, पाण्याच्या वजनाने तो तिथेच ताणला जातो.

जोडायला पीव्हीसीचं सोल्युशन वापरू नका. ते पीव्हीसी विरघळवून एकजीव करतं, पॉलिथिनवर नुसतं वाळून सुटतं. तडा लहान असेल तर त्याच जातीच्या कागदाचं ठिगळ, चारी बाजूंनी 10 ते 15 सेंटिमीटर जास्त, कोरडं आणि स्वच्छ करून गरम हवेच्या गनने चिकटवा. तुमचा वरचा पट्टा घडी घालताच मोडत असेल तर ठिगळ धरणार नाही. तो पट्टा पूर्ण कापून, पाण्याखालच्या चांगल्या भागाला नवा जोडून घ्या.

डिझेल इंजिन बांधावर असेल तर खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. ठिबक धुवायचं ॲसिड पॉलिथिनला काही करत नाही, पण डिझेल त्याच्याच जातीचं असल्याने आत मुरतं आणि कागद फुगून मऊ पडतो. फवारणी पंपाचं धुवणही तिथे ओतू नका. औषधातला साबणासारखा घटक ताणलेल्या जागी तडा वाढवतो.