जुन्या दफनभूमीची नोंद घेताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

जुनं चर्च, शाळा आणि दफनभूमी यांची नोंद करायची, म्हणजे फार मोलाचं काम हाती घेतलंत! पण तिन्ही एकदम सुरू करू नका. आधी दफनभूमी घ्या. इमारतीची डागडुजी होत राहते, दगडावरची अक्षरं मात्र दरवर्षी पुसट होत जातात.

नवखे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते अक्षरं वाचण्यासाठी दगड घासण्यात. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, पीठ, शेव्हिंग फोम, यातलं काहीही लावू नका. झिजलेला संगमरवर साखरेसारखा कणीदार होतो. बोट फिरवलं तरी कण सुटतात. त्यापेक्षा तिरप्या उन्हाची वेळ साधा, किंवा आरशाने एका बाजूने प्रकाश पाडा. सपाट वाटणाऱ्या दगडावर अख्खं नाव उमटतं, तो क्षण विसरता येत नाही!

- आधी पूर्ण रांगेचा फोटो, मग एकेका दगडाचा.
- मजकूर चुकांसकट जसाच्या तसा उतरवा. वाचता आलं नाही तिथे टिंबं द्या, अंदाज नको.
- शेजारी कोणाची कबर आहे तेही लिहा. नाती बहुतेकदा तिथेच सापडतात.

चर्चच्या नोंदवहीतली तारीख बहुधा बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. कोनशिलेवरचं सालही पुनर्बांधणीचं असू शकतं. शाळेचं प्रवेश रजिस्टर मिळालं तर वय आणि पालकांचं नाव ताडून पाहा.

तारखा मोजण्याच्या जुन्या पद्धती, जुनी हस्ताक्षरं हे सगळं नंतर शिका. पहिल्या दिवशी परवानगी घ्या आणि एकच रांग पूर्ण करा.