2027 च्या राष्ट्रपती निवडणुकीत उमेदवार कोण असू शकतात?

द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै 2027 मध्ये संपते. आत्ताच नावं सांगणं म्हणजे बाजारात तुरी. 2017 ला सगळे अडवाणींचं नाव घेत बसले आणि 19 जूनला पुढे आले बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद! गंमत म्हणजे तेव्हा मुर्मूंचंही नाव चर्चेत होतं. त्यांचा नंबर लागला पाच वर्षांनी, 21 जून 2022 ला. 2002 मध्ये आपले तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांची हवा होती, झाले कलाम.

त्यामुळे दिल्लीतल्या दिग्गजांपेक्षा आजी-माजी राज्यपालांच्या यादीवर नजर ठेवा, असं माझं मत. मुर्मूंना पुन्हा संधी? घटनेत आडकाठी नाही, पण दोनदा निवडून आले ते फक्त राजेंद्रप्रसाद.

महाराष्ट्रातून नाव आलं तर मात्र पक्षांच्या भिंती हलतात. 2007 ला एनडीएत असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटलांना मतं दिली होती. 2022 ला विरोधकांनी शरद पवारांना विचारलं, तर त्यांनीच नको म्हटलं.