थीम असलेलं, म्हणजे काही उत्तरं एकाच विषयाने जोडलेली असतात असं शब्दकोडं पहिल्यांदाच सोडवताय?

'१ आडवा' या पहिल्या संकेतापासून ओळीने सुरुवात करू नका. आधी सगळे संकेत एकदा वाचून काढा आणि खात्रीची उत्तरं भरा. मग थेट लांब उत्तरांकडे वळा, कारण थीम बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

समजा 'खरडपट्टी'साठी सहा घरांत कानउघाडणी बसलं आणि दुसरीकडे 'अगदी पाठ'साठी तोंडपाठ. कान, तोंड... म्हणजे थीम शरीराची! आता 'मुद्दाम केलेलं दुर्लक्ष' चार घरांत हवंय आणि शेवटी क आलाय, तर डोळेझाक सुचायला वेळ लागत नाही. (तोंडपाठमध्ये तर दोन अवयव आहेत. अशी जागा सापडली की कोडं रचणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.)

संकेताचा पहिला अर्थ लगेच खरा मानू नका. 'नदीलाही असते, नाटकातही असते' वाचून नदीतच शोधत बसलात तर अडकाल. दोन्हीकडे चालेल असा शब्द हवाय: पात्र. इथे त्र एकाच घरात जातो. मराठी कोड्यात जोडाक्षराला एकच घर, हे घरं मोजताना लक्षात ठेवा.

पेन्सिल वापरा. अडलात तर कोडं बाजूला ठेवून संध्याकाळी परत बघा, सकाळी न दिसलेलं उत्तर पुष्कळदा चटकन दिसतं. उत्तरं पाहावी लागली तरी हरकत नाही, फक्त संकेत पुन्हा वाचा आणि त्यात फिरकी नेमकी कुठे होती ते शोधा.