लॅबमध्ये दोघींना एकच संगणक, मग माझी मुलगी शिकणार कशी?

डिचोलीकडची अकरावीची विद्यार्थिनी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आईचं म्हणणं असं: “प्रॅक्टिकलला दोघी एका संगणकावर. मैत्रीण भराभर टाइप करते, आमची बाय नुसती बघते आणि घरी येऊन जर्नल उतरवते. परीक्षेला एकटीच बसणार ना?”

काळजी रास्त, पण दोष जोडीचा नव्हता. २ ते १० सम संख्या छापणारा पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्रॅम मुलीच्या जर्नलात अचूक होता. तोच उलट्या क्रमाने कागदावर लिहायला सांगितल्यावर तिने रेंजमध्ये, म्हणजे आकडे कुठून, कुठपर्यंत आणि कितीच्या टप्प्याने हे सांगणाऱ्या आज्ञेत, १०, २, -२ घातलं. यात २ छापलाच जात नाही, कारण रेंज शेवटची मर्यादा धरत नाही. मधल्या २ च्या जागी ० किंवा १ हवा. जर्नल उतरवून हे कळणं कठीण, कारण उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक उरलेलीच नसते.

पेअर प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे जोडीने प्रोग्रॅम लिहिताना, दोघींची कामं वेगळी असतात. एक टाइप करते, दुसरी ओळ न् ओळ वाचते, “इथे हेच का?” विचारते, रन करण्याआधी उत्तर काय येईल ते सांगते. या मुलींना शिक्षिकेच्या संमतीने दर १० मिनिटांनी खुर्च्या बदलायला सांगितलं. गजर लावायचा, नाहीतर बदल होतच नाही. बघणारीने कीबोर्डला हात लावायचा नाही, चूक तोंडाने सांगायची. हाच नियम सर्वांत आधी मोडतो: हुशार मुलीला धीर धरवत नाही, दुसरी हळूच मोबाइल काढते. शेवटची १० मिनिटं मात्र प्रत्येकीने एकटीने, त्याच प्रोग्रॅममध्ये एक छोटा बदल कागदावर करायचा. कोण कुठे अडतं ते तिथे कळतं. दोघींच्या पातळीत फारच अंतर असेल, तर जोडी बदलून घ्यावी.

मैत्रिणीचंही एक उघड झालं. प्रोग्रॅम चालायचा, पण स्वतःचीच ओळ समजावताना ती अडखळायची. तोंडी परीक्षेत तेच विचारतात.

“मग लॅपटॉप घेऊ का?” हा आईचा पुढचा प्रश्न. लगेच नको. एकटीने कागदावर केलेले बदल आधी जमू देत. नंतर घ्यायचाच झाला, तर पायथनच्या सरावाला जुना, साधा लॅपटॉपही चालतो. मोबाइलवरही पायथन चालतं, पण छोट्या कीबोर्डवर ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा सांभाळताना मुलं वैतागतात.