तिसऱ्यांदा नीट? आधी तिच्या वहीतला प्रश्न वाचा

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत. प्रतिजैविकं रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, म्हणजे सीएसएफमध्ये, कितपत उतरतात यावर तिला पुढे काम करायचं आहे. तुम्हाला मात्र तिने फार्मसी सोडून तिसऱ्यांदा नीटला बसावं असं वाटतं, आणि 'तिचं मन कसं वळवू?' असं तुम्ही विचारता.

ते वळवायला मी मदत करणार नाही. 'हल्ली ती आमच्याशी फारशी बोलत नाही, पण अभ्यास करते, म्हणून काळजी नाही,' असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला काळजी वाटली ती तिथेच. आधीच्या दोन्ही वेळी तिने तुमच्या शब्दाखातर परीक्षा दिली, हे तुमच्याच पत्रात आहे. आता तिला स्वतःचं काही सापडलंय, तर तुम्ही त्याला 'खूळ' म्हणता. घरात बोललेलं ऐकलंच जात नाही असं वाटलं की मुलं बोलायचं सोडतात. तिच्या वहीच्या पानाचा फोटोही तुम्ही तिला न विचारता काढलात. हे तिला आजच सांगा आणि माफी मागा.

पण ते पान मी वाचलं. वर क्लोरॅम्फेनिकॉल, मेट्रोनिडाझोल, लिनेझोलिड. खाली पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्झोन, जेंटामायसिन. त्यावर तुमचा शेरा: 'वरची जास्त उतरतात म्हणून चांगली, खालची वाईट. यात संशोधन कसलं?' मात्र सेफ्ट्रियाक्झोनसमोर तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'तरी मेनिंजायटिसमध्ये पहिली पसंती का?' (मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला जंतूंमुळे येणारी सूज.) सगळी मेख याच प्रश्नात आहे. सेफ्ट्रियाक्झोनचा सुमारे नव्वद टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो आणि मोकळा उरलेला तेवढाच पलीकडे जाऊ शकतो. तरीही ते काम करतं, कारण नेहमीच्या जंतूंना मारायला ते अगदी थोडं पुरतं, आवरणाला सूज आली की रक्त आणि सीएसएफमधला अडसर सैल होतो, आणि मोठ्या माणसाला दर 12 तासांनी 2 ग्रॅम इतका मोठा डोस देता येतो. उलट क्लोरॅम्फेनिकॉल सूज नसतानाही सहज उतरतं, पण आतड्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंची ते बहुधा फक्त वाढ रोखतं. सीएसएफमध्ये शरीराची स्वतःची फौज तुटपुंजी असते, तिथे जंतू मारणारंच औषध लागतं. म्हणजे किती टक्के औषध उतरतं, हे एकटं काहीच ठरवत नाही. तिथली पातळी त्या जंतूला मारायला लागणाऱ्या पातळीच्या किती पट आहे, ते बघायचं. शिवाय पेनिसिलिनसारखी औषधं आत गेली तरी तिथले पंप ती पुन्हा रक्तात ढकलतात. आणि सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं की काही औषधांची वाटही आखडते. रुग्ण सुधारतोय आणि औषध कमी पोचतंय, अशा वेळी डोस किती ठेवायचा? तो हिशेब कुणीतरी करावाच लागतो, आणि तुमच्या मुलीला तो करायचा आहे.

मार्ग नेहमीचेच: जीपॅट ही प्रवेशपरीक्षा, नायपर या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थांत जायचं तर त्यासोबत त्यांचीही प्रवेशपरीक्षा, फार्माकॉलॉजीत एम. फार्म., मग पीएच. डी.

नीटपेक्षा तिच्या गणिताकडे लक्ष द्या. औषधाची पातळी तासागणिक कशी चढते-उतरते हे मांडायला कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र लागतं, आणि बारावीनंतर बरेच जण ते मागे टाकतात. रक्तातली पातळी आधी चढते, सीएसएफमधली उशिरा. त्यामुळे एकाच वेळी घेतलेल्या दोन नमुन्यांचं गुणोत्तर फसवं असतं. हे तिला स्वतः आलेख काढून पडताळू दे. हे सहा महिने तिला आवडीने जमलं, तर एम. फार्म.ला कुठे अर्ज करायचा ते आपण बोलू. आणि पुढचं पत्र तिने लिहावं.