बी.एड.ची आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) मराठी शिकवायला खरंच उपयोगी पडते का?

पडते, पण फाइल भरण्यापुरती केली तर नाही. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला काळ किमान २० आठवड्यांचा: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे कॉलेजातल्या छोट्या पाठांच्या सरावात, समोर आपलेच सहाध्यायी असतात, सगळं सुरळीत होतं. खरा वर्ग वेगळाच. धुळ्याकडच्या शाळेत घरी अहिराणी बोलणारं पोर धड्यावरच्या प्रश्नाला अहिराणीत अगदी अचूक उत्तर देतं. ते चूक धरायचं, की शाबासकी देऊन तेच वाक्य प्रमाण मराठीत म्हणवून घ्यायचं? पाठ टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) कुठल्याच रकान्यात याचं उत्तर नसतं. (माझं मत: आधी शाबासकी.)

आपला पाठ तपासला जातो त्या निरीक्षणाच्या दिवशी बहुतेक जण कविता घेतात, कारण चालीवर म्हटली की वर्ग आपोआप रंगतो. तुम्ही मुद्दाम व्याकरणाचे तास मागून घ्या. समास शिकवताना मागच्या बाकावरची जांभई दिसली की कळतं आपण कुठे आहोत. निबंधाच्या वह्याही तपासायला मागा. नेहमीचे शिक्षक आनंदाने देतील! सहावी ते आठवीवर नोकरी हवी असेल, तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर मात्र वेगळा द्यावा लागतो.